साथ वेळेत ओळखायची आणि रोखायची कशी: रोग-सर्वेक्षणात नव्याने आलेल्यांसाठी

डिसेंबर 2013 मध्ये गिनी देशातल्या एका खेड्यात एक लहान मूल दगावलं. तो इबोला होता हे कळायला मार्च 2014 उजाडला. तोवर आजार गावोगावी पसरला होता आणि शेजारच्या देशांत शिरायला लागला होता. ती साथ संपली तेव्हा 28 हजारांहून जास्त रुग्ण आणि 11 हजारांहून जास्त मृत्यू नोंदले गेले होते. याच साथीतला एक रुग्ण 20 जुलै 2014 ला विमानाने नायजेरियातल्या लागोसला उतरला. दाट वस्तीचं, अफाट शहर. तरी अख्ख्या नायजेरियात मिळून 20 रुग्ण झाले, 8 दगावले आणि ऑक्टोबरमध्ये देश इबोलामुक्त जाहीर झाला.

लागोसकडे वेगळं औषध नव्हतं. त्या वेळी इबोलावर मान्यताप्राप्त लस नव्हती आणि खात्रीचा उपचारही नव्हता. रुग्णालयातल्या डॉक्टरांना काही दिवसांतच शंका आली, त्यांनी रुग्णाला जाऊ दिलं नाही, तपासणी लगेच झाली, आणि पोलिओसाठी आधीच उभं असलेलं आपत्कालीन केंद्र त्याच माणसांसह इबोलाच्या कामाला लागलं. जवळपास 900 संपर्कातल्या लोकांची यादी करून 21 दिवस त्यांच्या भेटी घेतल्या गेल्या. एकीकडे तीन महिने अंधारात गेले, दुसरीकडे तीन-चार दिवसांत चक्रं फिरली.

रोग-सर्वेक्षणात, म्हणजे आजारांच्या नोंदींवर सतत नजर ठेवण्याच्या कामात, नव्याने येणाऱ्याने हे मनात पक्कं करावं: आपण दिवस वाचवायला बसलो आहोत. तक्ते, फॉर्म, आलेख, बैठका यातल्या प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारायचा, की यामुळे साथ ओळखायला किंवा रोखायला लागणारा वेळ कमी होतो का? होत नसेल तर ती गोष्ट बदला. 2021 मध्ये यासाठी 7-1-7 हे सोपं माप मांडलं गेलं. साथ सुरू झाल्यापासून 7 दिवसांत ती लक्षात यावी, लक्षात आल्यापासून 1 दिवसात आरोग्य यंत्रणेला कळावी, आणि त्यापुढच्या 7 दिवसांत प्रतिसादाची सुरुवातीची कामं झालेली असावीत. तुमच्या भागातल्या मागच्या दोन-तीन उद्रेकांच्या फायली काढा आणि हे तीन आकडे मांडून बघा. दिवस नेमके कुठे गळतात ते एका दुपारीत दिसेल.

आधी तुमच्या भागातलं ‘नेहमीचं’ माहीत करून घ्या

असामान्य ओळखायचं तर सामान्य काय ते ठाऊक हवं. रुजू झाल्यावर पहिलं काम म्हणजे मागच्या पाच वर्षांचे आठवडावार आकडे काढणं. ताप, जुलाब, कावीळ, पुरळासह ताप, श्वसनाचे आजार, अचानक आलेला लुळेपणा, प्रत्येकाचा वेगळा आलेख करा. कोणत्या महिन्यात काय वाढतं, कुठल्या केंद्रातून आकडे नियमित येतात, कुठून येतच नाहीत, हे डोळ्यांत बसू द्या. या आठवड्याचा आकडा मागच्या आठवड्याशी ताडून भागत नाही, तो मागच्या वर्षांतल्या याच आठवड्यांशी ताडायचा. पावसाळ्याच्या तोंडाला जुलाब वाढतातच. प्रश्न असतो तो दरवर्षीपेक्षा जास्त वाढले का हा.

‘किती झाले म्हणजे साथ?’ याला सरसकट उत्तर नाही. काही आजारांसाठी एकच रुग्ण पुरेसा असतो: लुळेपणा आणणारा पोलिओ, इबोला, माणसात आढळलेला फ्लूचा नवा उपप्रकार. काहींसाठी उंबरठा आधीच आखलेला असतो. आफ्रिकेतल्या मेंदुज्वराच्या (मेनिन्जायटिसच्या) पट्ट्यात, म्हणजे जिथे हा आजार वारंवार येतो त्या देशांत, 30 हजार ते 1 लाख लोकसंख्येच्या भागात आठवड्याला लाखामागे 3 रुग्ण झाले की सावध व्हायचं आणि 10 झाले की साथ धरायची, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. असे उंबरठे आजारागणिक कागदावर लिहून कार्यालयाच्या भिंतीवर लावा. साथीच्या मध्यावर उंबरठा ठरवायला बसलं की वाद होतात आणि दिवस जातात.

माहिती कुठून येते

दोन मोठे प्रवाह असतात. पहिला ठरलेल्या फॉर्ममधून येणारा: दवाखाने, रुग्णालयं आणि प्रयोगशाळा ठरावीक आजारांचे आकडे ठरावीक वारी पाठवतात. हा शिस्तीचा प्रवाह आहे, पण संथ, आणि यादीत नसलेला आजार त्याला दिसत नाही. दुसरा प्रवाह घटनांचा. ‘एका शाळेत एकाच दिवशी बरीच मुलं गैरहजर आहेत’, ‘या वस्तीत कोंबड्या पटापट मरताहेत’, ‘एकाच घरातले तिघं आठवड्यात दगावले’. अशी खबर शिक्षक देतो, औषध दुकानदार देतो, पशुवैद्य देतो, कधी बातमीत येते. नव्या माणसाचा कल पहिल्या प्रवाहाकडे असतो, कारण तिथे आकडे असतात. माझा सल्ला उलटा आहे. मोठ्या, अनपेक्षित साथींची पहिली चाहूल बहुतेक वेळा दुसऱ्या प्रवाहातच लागते.

याचं एक उदाहरण नीट बघण्यासारखं आहे. 5 जून 1981 ला अमेरिकेतल्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक अहवालात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांना झालेल्या एका दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद छापून आली. एड्सबद्दलचा तो पहिला छापील अहवाल. त्या न्यूमोनियावरचं पेंटामिडीन हे औषध तेव्हा त्या केंद्राकडूनच मागवावं लागे, आणि प्रतिकारशक्ती कमी होण्याचं कुठलंही ज्ञात कारण नसलेल्या रुग्णांसाठी त्याची मागणी येऊ लागली आहे, हे औषध पाठवणाऱ्या एका कर्मचाऱ्याच्या लक्षात आलं होतं. त्या आजाराचा तोवर कुठल्याही फॉर्मवर रकाना नव्हता, तो असणं शक्यच नव्हतं. एका माणसाला आपल्या रोजच्या कामातलं ‘नेहमीचं’ माहीत होतं आणि वेगळं काही दिसलं तेव्हा सांगायला जागा होती.

तुमच्या भागात अशी माणसं कोण आहेत त्यांची यादी करा, प्रत्येकाला प्रत्यक्ष भेटा, आणि एकच क्रमांक द्या. कळवायला फॉर्म भरावा लागता कामा नये, एक फोन किंवा संदेश पुरे. ज्याने कळवलं त्याला दोन दिवसांत उत्तर गेलंच पाहिजे: ‘तुम्ही सांगितलंत त्याचं आम्ही हे केलं, असं निघालं.’ खबर खोटी निघाली तरी आभार मानायचे. उत्तर न मिळालेला माणूस दुसऱ्यांदा कळवत नाही, आणि त्याची दुसरी खबर कदाचित खरी असते.

फॉर्मच्या प्रवाहात शून्य अहवालाचा आग्रह धरा. ‘या आठवड्यात एकही रुग्ण नाही’ आणि ‘या आठवड्यात कोणी फॉर्म भरला नाही’ या दोन गोष्टी तक्त्यात सारख्याच दिसल्या तर तो तक्ता घातक आहे. रिकामा रकाना स्वीकारू नका. शून्य असेल तर शून्य लिहूनच यायला हवं.

सांडपाण्याची तपासणी हा तिसरा, अलीकडे महत्त्वाचा झालेला मार्ग. पोलिओची लागण झालेल्या साधारण 200 जणांपैकी एकालाच लुळेपणा येतो, म्हणजे केवळ रुग्ण मोजत बसलो तर विषाणू बराच फिरून झाल्यावर दिसतो. 2022 मध्ये लंडनच्या सांडपाण्यात लसजन्य (तोंडी लसीतल्या कमजोर विषाणूपासून बदलत गेलेला) पोलिओ विषाणू आढळला तो एकाही मुलाला लुळेपणा येण्याआधी, आणि त्यावरून मुलांना जादा डोस देण्याची मोहीम घेता आली.

खबर आली: पहिले 24 तास

घाबरून पथक पिटाळायचं नाही आणि फाईल बाजूलाही ठेवायची नाही. आधी पडताळणी. ज्याने कळवलं त्याच्याशी स्वतः बोला. किती जण, काय लक्षणं, पहिला कधी आजारी पडला, कोणी दगावलं का, कोणी दाखल आहे का. मग दुसऱ्या एखाद्या स्रोताकडून तेच विचारा.

आकडा वाढलेला दिसतो तेव्हा तो खरंच आजार वाढल्यामुळे वाढला का, हेही तपासा. नवी चाचणी सुरू झाली, नवीन डॉक्टर रुजू झाले आणि ते काळजीपूर्वक नोंदी करतात, सुट्ट्यांमध्ये साचलेले फॉर्म एकदम भरले गेले, आजाराची व्याख्या बदलली, यातल्या कशानेही आलेख उडी मारतो. हे तपासायला दोन फोन लागतात. पण लक्षणं गंभीर असतील किंवा मृत्यू झाले असतील तर या तपासणीसाठी थांबू नका, दोन्ही कामं बरोबर चालवा.

वर कधी कळवायचं याचे नियम तुमच्या देशाचे असतात आणि ते पाठ हवेत. त्यांच्याही वर आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली 2005 आहे, जून 2007 पासून अमलात असलेली. तिच्यातले चार प्रश्न कुठल्याही पातळीवर उपयोगी पडतात. घटनेचा आरोग्यावरचा परिणाम गंभीर आहे का? ती असामान्य किंवा अनपेक्षित आहे का? देशाबाहेर पसरण्याचा मोठा धोका आहे का? प्रवास-व्यापारावर निर्बंध येण्याचा मोठा धोका आहे का? कुठल्याही दोन प्रश्नांना ‘हो’ उत्तर आलं तर देशाच्या समन्वय केंद्राने मूल्यांकनानंतर 24 तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवायचं असतं. तुम्ही तळाशी काम करत असाल तर त्या 24 तासांची सुरुवात तुमच्या फोनवर अवलंबून आहे. पुरी खात्री होईपर्यंत थांबू नका; ‘संशय आहे, पडताळणी चालू आहे’ असं स्पष्ट सांगून कळवा.

रुग्ण कोणाला म्हणायचं

मैदानात उतरण्याआधी रुग्णव्याख्या लिहा. तिच्यात चार गोष्टी येतात: लक्षणं, काळ, जागा, माणसं. उदाहरणार्थ, ‘अमुक वस्तीत राहणारी, 1 तारखेनंतर 24 तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ जुलाब झालेली कोणत्याही वयाची व्यक्ती’ म्हणजे संशयित रुग्ण. निश्चित रुग्णाशी दुवा जुळला की संभाव्य, आणि प्रयोगशाळेने शिक्कामोर्तब केलं की निश्चित. सुरुवातीला व्याख्या सैल ठेवा म्हणजे कोणी सुटणार नाही. चित्र स्पष्ट झालं की आवळा. बदललीत तर तारीख टाकून बदला आणि जुन्या नोंदी नव्या व्याख्येने पुन्हा चाळा, नाहीतर पहिल्या आणि चौथ्या आठवड्याची तुलनाच होणार नाही.

जंतू माहीत नसला तरी व्याख्या करता येते. जुलै 1976 मध्ये फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या अधिवेशनाला आलेले लोक न्यूमोनियाने आजारी पडले. त्यामागचा जिवाणू ओळखला गेला तो जानेवारी 1977 मध्ये. मधले महिने तपास चालला तो ताप, न्यूमोनिया, तारखा आणि हॉटेलमधला वावर यांवर बेतलेल्या व्याख्येवर.

लाइन लिस्ट: या कामाचा कणा

एका ओळीत एक रुग्ण. इतकंच, पण हीच गोष्ट सगळ्यात जास्त वेळा बिघडते. रकाने असे ठेवा: अनुक्रमांक, वय, लिंग, राहण्याची नेमकी जागा, व्यवसाय, लक्षणं सुरू झाल्याची तारीख, लक्षणं (प्रत्येकाचा वेगळा रकाना, हो किंवा नाही), दवाखान्यात आल्याची तारीख, नमुना घेतल्याची तारीख, निकाल, पिण्याच्या पाण्याचा स्रोत किंवा संशय असेल तो संपर्क, लसीकरण, आणि शेवटी काय झालं. नाव आणि फोन वेगळ्या कागदावर, त्याच अनुक्रमांकाने. लाइन लिस्ट दहा जणांकडे फिरते. नावं फिरता कामा नयेत. ज्याचं नाव फुटलं त्याचे शेजारी पुढच्या वेळी आजार लपवतात.

या सगळ्यात सोन्याच्या मोलाचा रकाना म्हणजे लक्षणं सुरू झाल्याची तारीख. घाईत तिथे दवाखान्यात आल्याची तारीख पडते आणि सगळा तपास चार दिवस पुढे सरकतो. रुग्णाला ‘ताप कधी आला?’ विचारलं तर उत्तर येतं ‘झाले चार-पाच दिवस’. तिथे थांबू नका. त्या दिवशी कामावर गेला होतात का? आदल्या रात्री नीट झोप लागली होती का? घरात त्या दिवशी कोण आलं होतं? असं खोदत गेलं की माणूस स्वतःच म्हणतो, ‘नाही, त्या दिवशी तर मी ठीक होतो, दुसऱ्या दिवशी सकाळी अंगात कणकण आली.’ मिळाली तारीख. लहान मुलांच्या बाबतीत आईला विचारा, आणि तिला आठवायला वेळ द्या.

आलेख काढा, नकाशा मांडा, तुलना करा

लाइन लिस्टमध्ये पंधरा-वीस ओळी झाल्या की साथीचा आलेख काढा. आडव्या अक्षावर लक्षणं सुरू झाल्याची तारीख, उभ्यावर रुग्णसंख्या. संगणक नसला तर चौकटीच्या कागदावर एका रुग्णाला एक चौकोन रंगवा. आकार बोलका असतो. एकदम चढून लवकर उतरणारा एकच डोंगर दिसला तर सगळ्यांना एकाच वेळी एकाच ठिकाणाहून लागण झाली असावी. ठरावीक अंतराने वाढत जाणारे डोंगर दिसले तर आजार माणसाकडून माणसाकडे जातो आहे. डोंगर न उतरता पठारासारखा चालू राहिला तर दूषित स्रोत अजून चालू आहे.

अधिशयन काळ, म्हणजे जंतू शरीरात शिरल्यापासून पहिलं लक्षण दिसेपर्यंतचा काळ, इथे फार उपयोगी पडतो. कॉलऱ्याचा तो काही तासांपासून 5 दिवसांपर्यंत असतो, इबोलाचा 2 ते 21 दिवस, गोवरात लागण झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत साधारण 14 दिवस जातात. आलेखावरच्या पहिल्या रुग्णांपासून एवढे दिवस मागे मोजलं की लागण कधी झाली असावी त्या खिडकीत पोचता येतं, आणि मग ‘त्या दिवसांत इथे काय घडलं?’ हा नेमका प्रश्न विचारता येतो.

आलेखाच्या उजव्या टोकाबद्दल नव्यांना बजावून सांगावंसं वाटतं. शेवटच्या काही दिवसांचे आकडे जवळजवळ नेहमीच कमी दिसतात, कारण त्या दिवसांत आजारी पडलेले लोक अजून दवाखान्यात आलेले नसतात, निकाल यायचे असतात, फॉर्म वाटेत असतात. ही घसरण पाहून ‘साथ ओसरली’ अशी घोषणा झाली की पुढच्या आठवड्यात तेच स्तंभ भरून उंच होतात आणि लोकांचा विश्वास जातो. लक्षणं सुरू होण्यापासून नोंद होईपर्यंत सरासरी किती दिवस जातात ते लाइन लिस्टवरून काढा आणि तेवढे शेवटचे स्तंभ फिक्या रंगात दाखवा. बैठकीत कोणी त्यांवर बोट ठेवलं तर शांतपणे सांगा की ही माहिती अपुरी आहे.

नकाशावर प्रत्येक रुग्णाचा ठिपका ठेवा. 1854 मध्ये जॉन स्नो या डॉक्टरने लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवतीचे कॉलऱ्याचे मृत्यू असेच मांडले. ते ठिपके प्रसिद्ध आहेत. मला त्याहून मोलाचे वाटतात ते त्याने शोधलेले अपवाद. पंपापासून लांब हॅम्पस्टेडला राहणारी एक बाई कॉलऱ्याने गेली: तिला त्या पंपाचं पाणी आवडायचं म्हणून ते मुद्दाम मागवलं जायचं. पंपाच्या अगदी जवळच्या मद्य-कारखान्यातले कामगार मात्र वाचले: ते बिअर प्यायचे आणि कारखान्याची स्वतःची विहीर होती. जो इथे नसायला हवा होता आणि आहे, जो असायला हवा होता आणि नाही, त्या दोघांच्या घरी आधी जा.

मग तुलना. समजा एका वस्तीत दोन टाक्या आहेत आणि 34 जण आजारी आहेत. त्यातल्या 30 जणांनी पहिल्या टाकीचं पाणी प्यायलं. ऐकायला हे भक्कम वाटतं, पण यावरून अजून काहीच सिद्ध होत नाही, कदाचित वस्तीतले बहुतेक लोक त्याच टाकीवर असतील. म्हणून निरोगी लोकांनाही विचारा. पहिल्या टाकीवरचे एकूण 60, त्यात आजारी 30, म्हणजे 50 टक्के. दुसऱ्या टाकीवरचे 40, त्यात आजारी 4, म्हणजे 10 टक्के. आता पाचपट फरक दिसतो आणि पहिल्या टाकीवर संशय घ्यायला आधार मिळतो. केवळ आजाऱ्यांना प्रश्न विचारून आलेला तपास अर्धाच असतो.

नमुने

लवकर घ्या, शक्यतो प्रतिजैविक सुरू होण्याआधी. प्रयोगशाळेला आधी फोन करून कोणता नमुना, कशात, कोणत्या तापमानाला हे विचारून घ्या, कारण नियम आजारागणिक बदलतात. लुळेपणाच्या रुग्णाचे शौचाचे दोन नमुने किमान 24 तासांच्या अंतराने, लुळेपणा आल्यापासून 14 दिवसांच्या आत घ्यायचे आणि थंड ठेवून पाठवायचे. कॉलऱ्याच्या संशयात कॅरी-ब्लेअर माध्यमातला (वाटेत जंतू टिकवून ठेवणाऱ्या जेलमधला) स्वॅब मात्र बर्फात ठेवायचा नाही. तो खोलीच्या तापमानाला जातो. बाटलीवरचा क्रमांक आणि लाइन लिस्टवरचा क्रमांक एकच असावा. उद्रेक कशाचा आहे ते कळायला सुरुवातीचे 5 ते 10 चांगले नमुने बहुतेकदा पुरतात. त्यानंतर प्रत्येकाचा नमुना घेत राहिलात तर प्रयोगशाळा तुंबते आणि दुसऱ्या वस्तीतून आलेला पहिला नमुना रांगेत अडकतो.

उपाय निकालाची वाट बघत नाहीत

स्नोच्या सांगण्यावरून पंपाचा दांडा 8 सप्टेंबर 1854 ला काढला गेला. कॉलऱ्याचा जंतू वैद्यकजगाने मान्य करायला तेव्हा साधारण तीस वर्षं अवकाश होता. लोक भाग सोडून गेल्यामुळे साथ तोवर उतरणीला लागली होती, हे स्नोने स्वतः मान्य केलं आहे. पण आहे त्या पुराव्यावर, नुकसान न करणारा उपाय लगेच करण्याची ती रीत बरोबर होती.

जुलाबाच्या उद्रेकात पाण्याचं क्लोरिनीकरण, क्षारसंजीवनी (ओआरएस) आणि उपचाराची सोय पहिल्या दिवशी. पाण्यात क्लोरीन मिसळून किमान अर्धा तास झाल्यावर लिटरमागे 0.5 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलंय का, ते टाकीवर तपासा आणि घरातल्या नळालाही तपासा. कॉलऱ्यावर वेळेत उपचार मिळाले तर मृत्यूचं प्रमाण 1 टक्क्याच्या खाली राहतं, म्हणून मृत्यू त्याहून जास्त होत असतील तर लोक उपचारापर्यंत पोचत नाहीत किंवा उशिरा पोचतात असं समजा आणि तिथे मनुष्यबळ वळवा. माणसाकडून माणसाकडे जाणाऱ्या आजारात रुग्णाचं अलगीकरण, संपर्कातल्यांची यादी आणि पूर्ण अधिशयन काळभर त्यांचा पाठपुरावा. यादी करणं सोपं, एकविसाव्या दिवशीही त्याच दारात जाणं अवघड, आणि साथ त्या शेवटच्या दिवसांतच निसटते.

लस असेल तर ती सरसकट वाटण्याआधी कुठे द्यायची ते ठरवा. डिसेंबर 1966 मध्ये पूर्व नायजेरियात देवीची लस अपुरी होती, तेव्हा विल्यम फेगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्ण शोधून त्यांच्या भोवतालच्या लोकांनाच लस दिली आणि साथ थांबली. पुढे हीच पद्धत जगभर वापरली गेली. देवीचा नैसर्गिक लागणीचा शेवटचा रुग्ण 1977 मध्ये सोमालियात आढळला, आणि 1980 मध्ये रोग संपल्याचं जाहीर झालं. हे सर्वेक्षणाचं आजवरचं सगळ्यात मोठं यश आहे.

लोकांशी बोलणं

पहिल्याच दिवशी एक व्यक्ती बोलण्यासाठी नेमा आणि रोज ठरल्या वेळी चार गोष्टी सांगा: काय माहीत आहे, काय अजून माहीत नाही, आम्ही काय करतो आहोत, तुम्ही काय करावं. ‘घाबरू नका’ एवढंच सांगणं टाळा. घाबरलेल्या माणसाला करण्यासारखं काहीतरी हवं असतं. आजाराला वस्तीचं, समाजाचं किंवा प्राण्याचं नाव चिकटू देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्येच तशी मार्गदर्शक तत्त्वं दिली आणि 2022 मध्ये मंकीपॉक्सचं नाव बदलून एमपॉक्स केलं. नाव चिकटलं की त्या वस्तीतले रुग्ण दवाखान्यात येणं बंद होतात आणि तुमचा आलेख आंधळा होतो.

साथ नसताना करायची कामं

लागोसला हाताशी तयार केंद्र होतं म्हणून दिवस वाचले. तुमच्याकडे निदान एवढं असू द्या: जलद प्रतिसाद पथकातल्या प्रत्येकाचं नाव, फोन आणि त्याच्या गैरहजेरीत कोण; नमुने नेणारी गाडी आणि तिचा सुट्टीच्या दिवशीचा चालक; हातमोजे, मास्क, गाऊन, नमुन्याची माध्यमं, क्षारसंजीवनीची पाकिटं आणि क्लोरीन, प्रत्येकाच्या मुदतीच्या तारखेसह; परवानगीविना खर्च करता येईल अशी छोटी रक्कम; आणि साथीत अंतिम निर्णय कोणाचा, याचा लेखी आदेश. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संरक्षणात काटकसर नको. तेच आजारी पडले तर रुग्णालय बंद पडतं आणि तेच आजार पसरवायचं ठिकाण होतं.

वर्षातून दोनदा तरी सराव करा. टेबलाभोवती बसून ‘शनिवारी रात्री फोन आला, तीन जणांना रक्तस्रावासह ताप आहे’ अशी कल्पित घटना वाचा आणि प्रत्येकाला खरा फोन लावायला सांगा. कुठला क्रमांक बंद आहे, कुठल्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे तेव्हाच कळतं. सरावात सापडलेल्या उणिवेसमोर माणसाचं नाव आणि तारीख लिहा, आणि त्या तारखेला विचारा.

साथ संपली कधी म्हणायची

साधारणपणे शेवटच्या रुग्णानंतर अधिशयन काळाच्या दुप्पट दिवस नवा रुग्ण नाही, तेव्हा. इबोलात ते 42 दिवस होतात, आणि शेवटच्या रुग्णाची चाचणी दोनदा निगेटिव्ह आल्यावर किंवा त्याच्या दफनानंतर मोजणी सुरू होते. या काळात शोध ढिला पडू देऊ नका. संशयितांचे नमुने येतच राहायला हवेत. नमुनेच आले नाहीत तर ‘रुग्ण नाही’ या म्हणण्याला आधार उरत नाही.

मग दोन आठवड्यांच्या आत अहवाल लिहा. चार-पाच पानं पुरतात: पहिला रुग्ण कधी, कळलं कधी, कळवलं कधी, पहिला उपाय कधी, आणि या प्रत्येक टप्प्यात दिवस कशामुळे गेले. दोष माणसांवर न टाकता अडथळ्याचं नाव लिहा, नाहीतर पुढच्या वेळी तारखा लपवल्या जातील. अहवालाची प्रत वरिष्ठांना द्यालच. एक प्रत प्रयोगशाळेला, एक फॉर्म भरणाऱ्या प्रत्येक केंद्राला, आणि एक, साध्या भाषेत दोन परिच्छेदांची, ज्याने पहिला फोन केला त्याला.